एका रत्नाच्या नांवाचा प्रवास

'ब्रिलियंट' हा इंग्रजी शब्द मराठी घरांतही आतां नवखा राहिलेला नाहीं. हुशार विद्यार्थ्याला आणि लखलखत्या हिऱ्याला तो सारखाच सहज लाविला जातो. फ्रेंचमधील 'ब्रिये' व इटालियनमधील 'ब्रिल्लारे' हीं 'चकाकणें' या अर्थाचीं क्रियापदें त्याच्याच गोतावळ्यांतलीं. संस्कृत जाणणाराच्या मनांत येथें 'भ्राज्' म्हणजे प्रकाशणें हा धातु चटकन् उभा राहतो. ध्वनि जुळतो, अर्थ जुळतो. मग व्युत्पत्ति ठरलीच असें वाटतें. परंतु ती खरी नव्हे. 'भ्राज्'चा सख्खा भाऊ इंग्रजींतील 'ब्राइट' होय. 'ब्रिलियंट'चें नातें हिंदुस्थानाशीं आहे खरें. तथापि तें निराळ्या वाटेनें जडलें.

ती वाट एका रत्नाची आहे. संस्कृतांत ज्याला 'वैडूर्य', पालींत 'वेळुरिय' आणि प्राकृतांत 'वेरुलिय' म्हणत, तें हें रत्न. आज मराठींत वैडूर्य म्हणजे लसण्या. प्राचीन काळीं मात्र हें नांव बेरिल या पारदर्शक, निळसर-हिरव्या खड्यालाही लावीत. दक्षिणेंत कोइमतूरच्या परिसरांत हा खडा सांपडे, आणि त्याच भागांत रोमन नाणींही पुष्कळ मिळालीं आहेत. मालाबरोबर नांवही जहाजांत चढलें. ग्रीकांनीं त्याचें 'बेरुल्लोस' केलें, रोमनांनीं 'बेरिल्लुस'. इ. स. ७७ च्या सुमारास आपला ग्रंथ सादर करणारा प्लिनी सांगतो कीं, हीं रत्नें हिंदुस्थानांत होतात, अन्यत्र क्वचित् आढळतात.

मध्ययुगांत बेरिल हें नांव स्वच्छ स्फटिकालाही लागूं लागलें. अशा खड्यांचीं भिंगें करीत. १३ व्या शतकाच्या अखेरीस इटलींत चष्मा निघाला. त्याला जर्मन लोक अद्यापि 'ब्रिले' म्हणतात, तर डच लोक 'ब्रिल'. इटालियन भाषेंत रत्नवाचक 'बेरिल्लो'वरून 'ब्रिल्लारे' हें क्रियापद झालें, असें अनेक कोशकार मानतात. म्हणजे मूळ अर्थ 'बेरिलसारखें चमकणें'. १६ व्या शतकांत तें फ्रेंचांनीं उचललें आणि १७ व्या शतकांत फ्रेंचमधून 'ब्रिलियंट' इंग्रजींत आलें. १७९८ मध्यें व्होकलें या फ्रेंच रसायनज्ञास याच खड्यांत एक नवें मूलद्रव्य आढळलें. त्याच्या क्षारांची चव गोड, म्हणून प्रथम त्याला तशा अर्थाचें नांव मिळालें. पण शेवटीं 'बेरिलियम' हेंच टिकलें.

मग हा शब्द संस्कृताचा मानावा काय? पाणिनीनें तो 'विदूर' या स्थळनामावरून साधला. पतंजलीच्या महाभाष्यांत त्यावर शंका आहे: रत्न तर वालवाय पर्वतावर निघतें, विदूरांत त्यावर केवळ संस्कार होतो, मग विदूराचें नांव कां? आधुनिक संशोधकांस मुळाशीं एखादा द्राविडी शब्द दिसतो. खाणीजवळच्या लोकांचा शब्द संस्कृतांत आला आणि तेथें त्यास व्याकरणाचा पेहराव मिळाला, असा त्यांचा तर्क आहे.

शब्दांचें कूळ शोधतांना म्हणून केवळ कानावर विसंबून भागत नाहीं. वस्तु कोठें निघाली, कोणी विकली, कोणी तिच्यावर हात फिरविला, हें पाहावें लागतें. तसें पाहिल्यावर 'भ्राज्'चा मोह सुटतो, आणि त्याच्या जागीं दक्षिणेंतल्या खाणींत राबणारे अनाम लोक दिसूं लागतात.