शेवटची भाकर कुत्र्याची

पांढुर्णा-सौंसरकडे ज्या घराची शेती आहे, त्या घरात कुत्रा असतोच. त्याला कुणी विकत आणलेलं नसतं. कुठल्या तरी गोठ्यात पिल्लं होतात, पोरं त्यातलं एक उचलून आणतात आणि मोत्या, शेरू नाहीतर टायगर असं नाव ठेवतात. पुढची आठ-दहा वर्षं तो शेतातून रानडुकरं हाकलतो, संत्र्याच्या बागेत रात्र काढतो, पोळ्याला सजवलेल्या बैलांच्या मागे गावभर फिरतो. आपल्यापैकी जे नोकरीसाठी नागपूर, भोपाळ, पुण्याला किंवा त्याहूनही लांब गेले, त्यांच्या मुलांना सुट्टीत गावी जावंसं वाटतं ते बरेचदा त्याच्यासाठीच.

आणि मग एखाद्या वर्षी, दिवाळीच्या आसपास, गावाहून फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच सांगितलं जातं, ‘मोत्या गेला.’ काय झालं होतं, असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘चार दिवस काही खाल्लं नाही. डोळे पिवळे झाले होते. कावीळ असंल.’

कुत्र्याला कावीळ अनेक कारणांनी होते. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, गोचिडांमुळे होणारे ताप, यकृताला सूज आणणारा विषाणू, ही त्यातली नेहमीची कारणं. आणखी एक कारण मात्र आपल्याच कोठीत बसलेलं असतं आणि त्याचा संशय फार कमी जणांना येतो. ते कारण म्हणजे धान्यावरची बुरशी.

बुरशी तीन प्रकारे त्रास देते

बुरशीचा आजार म्हटलं की आपल्याला गजकर्ण आठवतं. ओल्या दिवसांत कुत्र्याच्या अंगावर गोल चट्टे पडतात, केस जातात, खाज सुटते. औषधाने ते बरं होतं. दुसरी बुरशी मातीत असते आणि श्वासावाटे फुप्फुसात जाते. अमेरिकेत ॲरिझोना, कॅलिफोर्नियाकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना ‘व्हॅली फीव्हर’ हे नाव माहीत असेल. तो असाच आजार आहे आणि तिकडच्या कुत्र्यांना तो बराच होतो.

तिसऱ्या प्रकारात बुरशी कुत्र्याच्या अंगात वाढतच नाही. ती मक्यावर, शेंगदाण्यावर, ढेपेवर वाढते आणि तिथे विष सोडून ठेवते. कुत्रा ते विष खातो. या बुरशीचं नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. त्याच नावातली अक्षरं घेऊन विषाचं नाव पडलं, अफ्लाटॉक्सिन.

हे नाव रूढ व्हायला कारण ठरल्या टर्की कोंबड्या. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की मेल्या आणि शोध घेता घेता दोष त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या ढेपेत सापडला. पण त्याआधी, १९५२ मध्येच, अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या कुत्र्यांत यकृताच्या एका विचित्र आजाराची नोंद झाली होती. कारण कळेना, म्हणून त्याला ‘हिपॅटायटिस एक्स’ म्हणत. तोही याच विषाचा प्रकार होता, हे नंतर उलगडलं. म्हणजे कुत्र्यांनी आधीच इशारा दिला होता, त्याचा अर्थ लागायला काही वर्षं गेली.

आपल्या भागाचा संबंध

२०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. तोवर दोन्ही तालुके छिंदवाडा जिल्ह्यात होते, आणि छिंदवाड्याची सगळ्या मध्य प्रदेशात ओळख आहे ती मक्याचा जिल्हा म्हणून. आपल्याकडे कापूस आणि संत्र्याबरोबर मका आहे, भुईमूग आहे, घरोघरी ढेपेचं पोतं आहे. मका काढायला येतो आणि परतीचा पाऊस नेमका तेव्हाच गाठतो. ओली कणसं ढिगात राहिली की आत ऊब धरते. ऊब आणि ओल, या बुरशीला एवढंच लागतं.

चांगला मका बाजारात जातो. मधला घरात राहतो. काळपट, हिरवट झालेला, कुबट वासाचा मका तेवढा बाजूला काढतात. आपलं माणूस अन्न टाकून देत नाही, तो संस्कारच आहे. मग त्या मक्याचं पीठ होतं आणि कुत्र्यासाठी जाड भाकर थापली जाते. शेजारच्या हिंदी घरांत म्हण आहे, पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची. म्हण मायेची आहे. पण शेवटची भाकर उरल्यासुरल्या पिठाची असते आणि कुबट शेंगदाणेही त्याच ताटात पडतात. ‘त्याला काय होतं, जनावरच ते,’ असं म्हणत पुढं जाण्यात कुणाचा वाईट हेतू नसतो.

पण त्याला होतं. बुरशीचं विष पचवण्यात कुत्रा आपल्यापेक्षा दणकट नाही. उलट ज्या प्राण्यांना हे विष फार लवकर बाधतं, त्यांत त्याची गणना होते. शिवाय आपण दिवसभरात भाजी, वरण, भात, पोळी असं चार तऱ्हेचं खातो. त्याला रोज तेच एक पीठ मिळतं. विष थोडं असलं तरी ते रोज जातं.

१९७४ साली काय झालं

आपल्या देशात याची एक मोठी आणि दुःखद नोंद आहे. १९७४ च्या शेवटच्या दोन महिन्यांत गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांतल्या आदिवासी गावांत काविळीची साथ आली. तिथलं रोजचं अन्न मका. त्या वर्षी आधी दुष्काळ पडला आणि कापणीच्या तोंडावर अवेळी पाऊस झाला. मका भिजला, नीट वाळला नाही, साठवायला धड जागा नव्हती. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून लोकांनी बुरसटलेलाच मका खाल्ला. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरू लागलं. ३९७ माणसं आजारी पडली, त्यांतली १०६ गेली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला आणि १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. त्यात माणसांबरोबर कुत्र्यांचाही उल्लेख आहे. माणसांत होती तीच लक्षणं गावातल्या कुत्र्यांत होती आणि तेही मेले. एकाच पिठाची भाकर दोघांनी खाल्ली होती.

त्या मक्याच्या नमुन्यांत किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडलं. अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. त्या मापाने पाहिलं तर तो मका तीनशे ते पावणेआठशे पट विषारी होता.

दारातला कुत्रा काविळीने गेला तर म्हणूनच एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. त्याने जे खाल्लं, ते आपल्या घरात आणखी कोण खातंय? बुरसटलेली ढेप गाईला घातली की त्या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध घरातलं लहान मूल पितं.

आजार कसा चढतो

हे विष यकृतावर घाव घालतं. सुरुवातीला कुत्रा मलूल होतो, ताटाकडे येतो, वास घेतो आणि मान फिरवतो. पाणी मात्र खूप पितो. मग उलट्या सुरू होतात. हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो, लघवी गडद होते. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात, तेच बंद पडल्यावर शौच काळं होतं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. काहींचं पोट पाण्याने फुगतं. डोळे पिवळे दिसेपर्यंत यकृताचं बरंच नुकसान झालेलं असतं, म्हणून ‘उद्या बघू’ म्हणण्यात वेळ घालवू नये.

या विषावर उतारा नाही. डॉक्टर सलाईन लावतात, रक्तस्राव थांबावा म्हणून व्हिटॅमिन के देतात, यकृताला आधार देणारी औषधं देतात. लवकर नेलेले काही कुत्रे वाचतात. गावात सोय नसेल तर १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय फिरतं पथक बोलावता येतं. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही पांढुर्णा आणि सौंसर दोन्हींकडून शंभर किलोमीटरच्या आत आहे. नेताना एक गोष्ट आवर्जून सांगा: गेल्या महिनाभरात त्याने काय खाल्लं. जमलं तर पिठाची मूठभर पुडी सोबत घ्या. कावीळ पाहून डॉक्टरांच्या मनात आधी लेप्टोस्पायरोसिस किंवा गोचिडाचा ताप येणार. बुरशीची शंका यायला खाण्याची माहितीच उपयोगी पडते.

पाकिटातलं खाणं

शहरात राहणाऱ्यांनी ‘आमचा तर तयार खाद्य खातो’ म्हणून निर्धास्त राहू नये. तयार खाद्यातही मका असतो. २००५ च्या शेवटी अमेरिकेत अशाच खाद्यामुळे शंभरहून अधिक कुत्रे गेले. २०२० च्या डिसेंबरात पुन्हा तसंच घडलं आणि पुढच्या महिन्यापर्यंत मेलेल्या कुत्र्यांचा आकडा ११० च्या वर गेला. दोन्ही वेळा माल बाजारातून परत मागवावा लागला. त्यामुळे खाद्य मूळ पिशवीतच ठेवावं. पिशवीवरचा बॅच क्रमांक पुढे कामी येतो. डब्यात ओतत असाल तर तळाचं जुनं आधी काढून डबा धुवून, वाळवून घ्या. आणि नेहमीचं खाणं कुत्र्याने अचानक नाकारलं तर त्याला नखरेल ठरवण्याआधी पिशवीचा वास घ्या.

घरात एवढं पाळावं

मका आणि शेंगा कडक वाळवूनच साठवाव्यात. मक्यात तेरा टक्क्यांहून जास्त ओल नको. पोती भिंतीला टेकवून किंवा थेट जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावीत. सुरकुतलेले, रंग बदललेले, कडू लागणारे दाणे वेगळे काढावेत आणि ते कुणाच्याच ताटात जाऊ नयेत, ना माणसाच्या, ना कुत्र्याच्या, ना गाईच्या.

एक गैरसमज मात्र मनातून काढायला हवा. बुरसटलेलं धान्य धुतलं, उन्हात घातलं, तव्यावर खरपूस भाजलं की चांगलं होतं, असं आपण धरून चालतो. उन्हाने बुरशी वाळते, विष तिथेच राहतं. चुलीच्या आचेनेही ते जात नाही. भाकरीवरचा हिरवा भाग खुडून बाकीची घालणं हेही तसंच, कारण डोळ्यांना दिसते त्याच्या पुढेपर्यंत बुरशी पोचलेली असते.

तो गेल्यावर

कुत्रा असा गेला की घरात दोन दुःखं असतात. एक त्याच्या जाण्याचं. फाटक उघडलं तरी कुणी धावत येत नाही, रात्री अंगण गप्प असतं. दुसरं दुःख ज्या हाताने ताट ठेवलं त्या हाताचं असतं, आणि तो हात बहुतेक वेळा आजीचा किंवा काकूचा असतो. कारण कळल्यावर सगळ्यात जास्त झुरते ती तीच. मोत्याला रोज न चुकता कुणी खाऊ घातलं असेल तर तिनेच. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून आपल्या तरुण मंडळींना एक विनंती: हा लेख वाचून गावी फोन कराल तेव्हा ‘तुझ्यामुळे’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. ‘आजी, यंदाचा मका वाळला का गं नीट?’ एवढं विचारलं तरी बोलणं सुरू होईल.

लहान मुलांपासूनही खरं लपवू नये. ‘मोत्या कुठेतरी निघून गेला’ असं सांगितलं की ती कित्येक दिवस वाट पाहत राहतात. तो आजारी पडला, त्याच्या खाण्यात वाईट बुरशी होती, आता आपण धान्य जपून ठेवणार, हे त्यांना समजतं. बांधावर त्याला पुरलं त्या जागी त्यांच्या हातून एखादं झाड लावून घेतलं तर त्यांनाही काही केल्यासारखं वाटतं.

नामदेव महाराजांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. कुत्रा भाकर घेऊन पळाला, तेव्हा कोरडी खाऊ नकोस रे, म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. रोज तूप कुणाला परवडणार! पण भाकर चांगल्या पिठाची असावी, एवढं आपल्या हातात आहे. यंदा मका घरात येईल तेव्हा कोठी भरण्याआधी ओंजळभर दाणे नाकाशी धरून पाहा. आपल्याला नको वाटले, तर ते मोत्यालाही नकोत.