चोरीची वाळू, पक्के बिल

चोरीचा माल म्हटला की दागिने, दुचाकी डोळ्यांसमोर येतात. आमच्या चोपडा तालुक्याच्या दक्षिणेला वाहणाऱ्या तापीची वाळू येत नाही. कायद्याला मात्र ती तशीच दिसते. 'दिल्ली सरकार विरुद्ध संजय' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले, की विनापरवाना वाळूउपसा हा खाणकायद्याचा भंग आहेच, शिवाय तो चोरीचा गुन्हाही ठरू शकतो. चोरी आली की चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही आला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार त्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आपली चर्चा डंपर पकडण्यापाशी थांबते. मी गिऱ्हाइकाकडे पाहतो. नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या कामांतही वाळू खपते, आणि तिथे प्रत्येक कामाची फाईल असते.

हिशेब सोपा आहे. 100 मीटर लांब, 5 मीटर रुंद, 20 सेंटिमीटर जाड रस्ता म्हणजे 100 घनमीटर काँक्रीट. एकास दीडास तीन या मिश्रणाला सुमारे 15 ब्रास वाळू लागते. मोजमाप पुस्तिकेत काँक्रीट सापडते. वाळूच्या वाहतूक पावत्या बिलासोबत असायला हव्यात. पावत्या 4 ब्रासच्या निघाल्या, तर उरलेली 11 ब्रास आली कुठून? खडीच्या कारखान्यातली कृत्रिम वाळू वापरली असेल, तर तिचे बिल दाखवावे.

खरी मेख पुढे आहे. पावती नसेल तर रॉयल्टीची रक्कम ठेकेदाराच्या बिलातून कापून घेण्याची पद्धत आहे. तिजोरीत पैसे येतात, बिल निघते आणि माल कुठला हा प्रश्न फाईलमध्येच मिटतो. तो न विचारण्यात ज्यांचे हित असते, त्यांची साखळी इथे तयार होते.

ही साखळी कागदावरून उलगडता येते. जळगावच्या घरकुल प्रकरणात तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी 2006 मध्ये फिर्याद दिली. 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोन माजी मंत्र्यांसह 48 जणांना दोषी ठरवले. तेरा वर्षे लागली.

आपल्या हाती आयुक्तांचे अधिकार नाहीत, पण माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज आहे. त्यात कागदांच्या प्रतींसोबत कामाची पाहणी करण्याचा, साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क येतो. वाळू गेली की काठच्या केळीबागांच्या विहिरी खोल जातात. त्या खर्चाचे बिल कोणत्याच फाईलमध्ये लागत नाही; ते शेतकरी भरतो.