आधी छोटीची उंची मोजा!

दोस्तांनो, सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचा हट्ट धरलाय ना? 2013 साली सुरू झालेलं हे उद्यान! मग वही-पेन्सिल घेऊन आई-बाबांजवळ बसा. तिकिटं, प्रवास, खाणंपिणं, असे तीन रकाने आखा. चौथा रकाना ऐनवेळच्या खर्चाचा.

आता धाकट्या बहिणीला भिंतीशी उभं करून तिची उंची मोजा. का? तर मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. कारण फार लहान मुलांना तिथला सुरक्षापट्टा नीट बसत नाही. रांगेत ताटकळून ती दारातून परत फिरली, तर भोकाड ठरलेलंच! म्हणून तिला चालतील असे खेळ आधीच निवडा. तुम्ही पाळण्यात असताना तिच्याजवळ कोण थांबणार, तेही लिहा. एकदा आई, एकदा बाबा... आणि एक पाळी तुमची, बरं का!