जुन्या जीपगाडीचें वंगण

बैलगाडीच्या आसास वंगण दिलें नाहीं तर चाक कुरकुरूं लागतें, हें नाशिककडील शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. धातूवर धातू घासूं नये म्हणून मध्यें तेलाचा थर राखावा लागतो. परंतु मोटारींत कोणतेंही तेल चालत नाहीं.

आजच्या महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं विलिस जीप या देशांत आणली; पुढें नाशकांतही कंपनीचा कारखाना झाला. तसल्या जुन्या जीपगाड्या कांहीं घरीं अद्याप जपलेल्या आढळतात. त्यांच्या गिअरपेटींत पितळेचीं कडीं असतात. गिअर बदलतांना हीं कडीं घासून फिरत्या चक्रांचा वेग सारखा करितात. मागील आसाचीं दांतेरी चक्रें मात्र पोलादी असून तीं जबर दाबाखालीं एकमेकांवर घसरतात.

या आसास 'जीएल-५' जातीचें तेल योग्य होय. त्यांतील गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्यें पोलादावर रक्षक पापुद्रा धरितात. तेंच तेल गिअरपेटींत घातलें तर तो पापुद्रा पितळेस इतका घट्ट चिकटतो कीं, सुटतांना पितळ घेऊनच सुटतो. तेथें सौम्य 'जीएल-४' हवें. दोन्ही डब्यांवर '९०' हाच अंक असूं शकतो. परंतु तो केवळ दाटपणा सांगतो, जात नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, महाग किंवा दाट तेल तेंच उत्तम, असें समजूं नका. गाडीचें माहितीपुस्तक वाचा, डब्यावरील अक्षरें पाहा, मगच झांकण उघडा. पितळेचें कडें एकदां झिजलें म्हणजे कोणतेंही तेल तें भरून काढीत नाहीं.