‘पुढचा रूळ रिकामा आहे’ हे कशावरून कळतं?

आज आपण एका छंदातला प्रश्न घेऊ. टेबलावर मांडलेली छोटी रेल्वे संगणकाच्या हवाली करायची, तर पुढच्या टप्प्यात गाडी आहे की नाही हे त्याला कळायला हवं. ‘आहे’ हे कळणं सोपं. ‘नाही’ हे कशानं कळायचं?

भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. पण अट घालतात : वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही.

आता आपली लोकल बघा. ट्रॅक सर्किटमध्ये रुळाच्या तुकड्याला एका टोकाकडून क्षीण वीजप्रवाह देतात, दुसऱ्या टोकाला रिले बसवतात. प्रवाह पोचला तर रूळ रिकामा. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परत फिरतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत याचं पेटंट घेतलं. तार तुटली किंवा रुळांत पाणी भरलं, तरीही रिले पडतो. पावसाळ्यात कुर्ला-घाटकोपरकडे गाडी खोळंबते, आपण वैतागतो. पण यंत्र एवढंच म्हणत असतं की, रूळ रिकामा असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही.

छोट्या रेल्वेत बहुधा याच्या उलट करतात. इंजिनाला वीज रुळातूनच मिळते, म्हणून त्या तुकड्यात वीज ओढली जाते का, हे मोजतात. ओढली जात नसेल तर तुकडा रिकामा! मग सुटून मागे राहिलेल्या डब्याचं काय? तो वीज ओढतच नाही. मोजणीची तार तुटली तरी उत्तर ‘रिकामा’च. हाच तो अंधारातला घडा.

म्हणून आखणी करताना तीन गोष्टी सांभाळायच्या. प्रत्येक डब्याच्या निदान एका आसावर साधारण १० किलो-ओहमचा रोध लावायचा; १२ व्होल्टला तो जेमतेम एक मिलिअँपिअर ओढतो, पण डबा ‘दिसू’ लागतो. गाडी थांबवायचा तुकडा सर्वांत लांब गाडी आणि थांबायला लागणारं अंतर, यांच्या बेरजेहून मोठा ठेवायचा. आणि दुसऱ्या तुकड्यातून नाहीशी झालेली गाडी तिसऱ्यात उगवली नाही, तर संगणकानं ‘रिकामा’ न म्हणता सगळ्या गाड्या थांबवायच्या.