दवाखाना तालुक्याला, जनावर गोठ्यात

वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या हिंगणीवरून बोर धरणाकडे रस्ता जातो आणि धरणाला लागूनच जंगल आहे. 1970 सालचे बोर अभयारण्य 2014 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. या पट्ट्यात चरायला गेलेली गाय संध्याकाळी धडधाकट परतेलच, याची खात्री नसते. वाघ-बिबट्याने जनावर जखमी केले तर मालकाने 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचे, उपचार सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात करायचे आणि भरपाईसाठी पशुधन विकास अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडायचे. जंगलाकाठच्या शेतकऱ्याला पशुवैद्यकीय दवाखाना औषधापुरताच लागत नाही, भरपाईच्या कागदासाठीही लागतो.

एरवी हा दवाखाना साधाच. पुढे लोखंडी खोडा, आत लसींचा फ्रीज आणि उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये रेतमात्रा जपणारे भांडे. श्रेणी-1 च्या दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक, श्रेणी-2 मध्ये पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक. गावासाठी दोघेही ‘डॉक्टर’च.

कायदा मात्र त्यांच्यात फरक करतो. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम 30 प्रमाणे उपचारांचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराचा. पर्यवेक्षकाने त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायच्या. म्हणूनच श्रेणी-2 चे दवाखाने श्रेणी-1 करावेत, ही मागणी जुनी आहे आणि रास्तही. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विकास या दोन विभागांच्या एकत्रित पुनर्रचनेला मंजुरी दिली. कागदपत्रे, योजना, हिशेब तालुक्याला एका छताखाली आले तर शेतकऱ्याचे हेलपाटे वाचतील.

पण उपचार म्हणजे फाइल नव्हे; तो जवळच मिळावा लागतो. गायीचा माज साधारण अठरा तास टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन व्हायला हवे. ती वेळ हुकली की पुढचे एकवीस दिवस नुसते पोसणे. पोटफुगी काही तासांत जनावर नेते, फऱ्या एक-दोन दिवसांत. अडलेल्या गायीला टेम्पोत घालून तालुक्याला नेणे हा उपाय नाही. 1962 वर फोन करून फिरते पथक बोलावण्याची सोय चांगली आहे, तरी एका गाडीपुढे अख्खा तालुका असतो.

आपल्याकडे दवाखाना बंद व्हायला आदेश लागत नाही. डॉक्टरची बदली होते, पद रिक्त राहते, शेजारच्या गावच्या डॉक्टरकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ जातो आणि दार आठवड्यातून ठरावीक दिवशीच उघडते. पाटी तशीच असते. श्रेणी वाढवली आणि पदवीधर दिला नाही, तर याहून वेगळे काही घडणार नाही.

ब्रिटनने याची मोठी किंमत मोजली. तिथे सरकारी पशुवैद्यांची संख्या काही दशके घटत गेली होती. फेब्रुवारी 2001 मध्ये लाळ्या-खुरकताचे निदान झाले, तोवर मेंढ्यांच्या बाजारांतून रोग दूरवर पसरला होता. साथ आवरताना साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. मनुष्यबळाची टंचाई हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण त्या महिन्यांत ती फार जाणवली. महाराष्ट्रात ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला, तेव्हा गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचावी लागली. ते काम गावचे रस्ते आणि गोठे ठाऊक असलेल्या माणसांच्या बळावर झाले.

वर्धा जिल्ह्याला तर आणखी एक कारण आहे. पांढऱ्या-करड्या रंगाची, चालायला चपळ गवळाऊ गाय इथली. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीच्या सरकारी प्रक्षेत्रावर तिची पैदास होते आणि आर्वी-कारंजा भागातल्या नंदगवळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या राखली. जात टिकवायची तर नेमक्या वळूची रेतमात्रा नेमक्या वेळी गोठ्यात पोचावी लागते.

कार्यालये खुशाल तालुक्याला एकत्र करावीत. हिंगणीसारख्या गावांसाठी मात्र पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस घेऊन दारोदार जाणारा आणि रात्री फोन उचलणारा माणूस पंचक्रोशीतच राहायला हवा, आणि त्याचे पद भरल्याशिवाय पर्यवेक्षकाचे जुने पद रद्द होता कामा नये.