वीस मिलिग्रॅमची मात्रा

तोंडाचा कर्करोग सगळीकडे सारखा नसतो. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा जिभेवर दिसतो. भारतात गाल आणि हिरडी यांमधल्या खाचेत, म्हणजे नेमका तंबाखूचा बार भरतात तिथे. या गाठींच्या जनुकांचा भारतीय शास्त्रज्ञांनी केलेला मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’चाही वाटा होता. टीपी५३, एफएटी१, कॅस्प८, नॉच१ या जनुकांत वारंवार बिघाड आढळले. यांतली बहुतेक जनुके पेशींच्या वाढीचे ब्रेक आहेत, आणि लक्ष्यवेधी उपचारांचे घोडे इथेच अडते. अति काम करणारे प्रथिन औषधाने रोखता येते. निकामी झालेले पुन्हा कामाला लावणे फार अवघड. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात इमॅटिनिबच्या गोळीने जी क्रांती केली, तशी तोंडाच्या कर्करोगात झाली नाही, ती बऱ्याच अंशी यामुळेच.

रोग पुढे कसा वागेल, हे गाठ किती खोल शिरली आहे यावरून बरेच कळते. आकाराने लहान पण पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेलेली गाठ आता वरच्या टप्प्यात धरली जाते. मानेतल्या लसिकाग्रंथींचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. हाताला काहीच लागत नसताना त्या काढाव्यात का, हा जुना वाद टाटा रुग्णालयाच्या २०१५ मधील चाचणीने बराचसा मिटवला: पहिल्याच शस्त्रक्रियेत ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, तर मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के.

रोग उलटला किंवा शस्त्रक्रियेपलीकडे गेला, तर? रोगप्रतिकारक टी पेशींवरचा दाब काढून त्यांना गाठीशी लढू देणारे निव्होलुमॅब गुणकारी आहे, पण बहुसंख्यांना परवडत नाही. टाटाच्या डॉक्टरांनी ते दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले. नेहमीच्या मात्रेच्या हे सहा टक्क्यांहूनही कमी. जोडीला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि वाढीचा संदेश झेलणाऱ्या ईजीएफआर प्रथिनाला रोखणारे एर्लोटिनिब, या तीन गोळ्या. डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील या चाचणीत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के रुग्ण वर्षभर जगले, निव्होलुमॅब मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. तीव्र दुष्परिणामही वाढले नाहीत.

मीरा-भाईंदरसारख्या शहरातून लोकलने परळचे टाटा रुग्णालय गाठणाऱ्या कुटुंबाला औषधाच्या किमतीइतकाच फेऱ्यांचाही भार असतो. गोळ्या घरी घेता येतात, निव्होलुमॅबचे सलाइन तीन आठवड्यांतून एकदाच. म्हणून ही रचना केवळ स्वस्तच नव्हे, झेपणारीही आहे. मात्र तुलना नुसत्या गोळ्यांशी होती. पूर्ण मात्रा याहून सरस ठरेल का, हे ही चाचणी सांगत नाही.